गुडघा नवा, गोळी पांढरी

लादी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला टांगलेलं लोखंडी वजन असतं ना, अगदी तसाच तो. सव्वासहा फूट उंच, काटकुळा, खांद्यापासून सरळ खाली लोंबणारा, आणि बोलायला इतका सरळ की ऐकणाऱ्याला दोन दिवस झोंबत राहावं. एखाद्या घरमालकिणीने हौसेने विचारावं, "कसं वाटतंय आमचं स्वयंपाकघर?" तर हा सांगणार, "डावा कोपरा बाहेर गेलाय. बांधणाऱ्याला झोप लागली असणार." हसणं हा प्रकार त्याच्याकडे नव्हताच. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो असा उभा होता, जणू फोटोग्राफरची तिपाई लेव्हलमध्ये नाही हे फक्त त्यालाच दिसलंय.

चौतीस वर्षं त्याने गुडघ्यांवर काढली. बँकांचे हॉल, दवाखान्यांचे बोळ, शाळांची स्वच्छतागृहं, परक्या माणसांची न्हाणीघरं. उभं राहून जग बघायची त्याला फारशी सवयच राहिली नव्हती. शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले. जिना चढताना आतून असा करकर आवाज यायचा की बायको म्हणायची, "अहो, तुमच्या आधी तुमचा गुडघा घरात येतो." बायको सार्वजनिक तरणतलावाच्या तिकीट खिडकीवर होती. तिचा आवाज पाण्याच्या पार पलीकडच्या काठापर्यंत जायचा. त्या आवाजात तिने एकदा सांगितलं, "ऑपरेशन करायचं," आणि ते ठरलं.

नवा गुडघा बसला. घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानातल्या बाईने त्याच्या हातात गोळ्यांचं पाकीट देण्याआधी ते स्वतःच्या हातात धरून ठेवलं.

"काका, इकडे बघा. ही साधी गोळी नाही. अफूच्या कुळातली आहे. फार दुखेल तेव्हाच घ्यायची, आणि दोन गोळ्यांत कमीत कमी सहा तास. दारू नाही, झोपेची गोळी नाही, हिच्या जोडीला घेतली तर श्वास मंद होतो. गाडी चालवायची नाही. पोट साफ राहायला ही पावडर, पहिल्या दिवसापासून. गोळ्या कुलपात ठेवा. आणि कितीही जवळचा माणूस असला तरी त्याला एकसुद्धा द्यायची नाही. दुखणं उतरलं की गोळ्याही डॉक्टर सांगतील तशा उतरवायच्या. उरल्या तर इथे आणून द्या."

ओळंब्याने मान हलवली. त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की दुखायचं थांबणार आहे. बाकीचं बायकोने फाइलच्या मागे लिहून घेतलं.

घरी आल्यावर त्याने पहिली गोळी घेतली आणि पलंगावर पडून राहिला. अर्ध्या तासाने पायाची बोटं कोमट झाली. मग पोटऱ्या. मग गुडघ्यातलं दुखणं चपला हातात घेऊन, आवाज न करता, खोलीबाहेर गेलं. ओळंबा वर बघत होता.

"छत किती मनापासून बांधलंय," तो म्हणाला.

"काय?" बायकोने विचारलं.

"छत. आणि तूही."

"मी काय?"

"तूही छान बांधलीयेस."

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग आत जाऊन आरशासमोर जरा उभी राहिली. एकोणतीस वर्षांत नवऱ्याने केलेली ही पहिलीच स्तुती. ती गोळीने केली होती की नवऱ्याने, याचा विचार तिने त्या दिवसापुरता बाजूला ठेवला.

मग तर कहरच झाला. ज्या जाड्या मिस्त्रीशी त्याने अकरा वर्षं अबोला धरला होता त्याला त्याने स्वतःहून फोन लावला. "तुझं ते बँकेचं काम," ओळंबा म्हणाला, "गाढवाने केलंय असं मी गावभर सांगत फिरलो. खोटं होतं रे ते. फार सुंदर काम आहे. गाढवाला जमलंच नसतं." दुसऱ्या दिवशी सकाळी जाड्या मिस्त्री फुलं घेऊन दारात हजर. डोळे लाल. ओळंबा शेवटच्या घटका मोजतोय अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्याशिवाय हा माणूस माफी मागेल, हे त्याला पटेचना. ओळंबा पलंगावर बसून टाळ्या वाजवत गाणं म्हणत होता. जाड्या मिस्त्रीने फुलं तशीच हातात धरली आणि बायकोला हळूच विचारलं, "वहिनी, डोक्याचंही ऑपरेशन केलं का?"

त्या पहिल्या आठवड्यात घर हसून हसून बेजार झालं. एकच गोष्ट अडली होती, आणि ती अक्षरशः अडली होती. "पावडर म्हाताऱ्यांना लागते," असं म्हणत ओळंब्याने पुडी बाजूला सारली होती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. चौथ्या दिवशी तो न्हाणीघरात जाऊन बसला तो बाहेरच येईना. पाऊण तासाने आतून किंकाळी आली. बायको धावली.

"काय झालं? पडलात का?"

"तिसरी ओळ, सातवी लादी! दीड मिलिमीटर वर आलीय! माझ्या हातची! एकोणीस वर्षं तू रोज इथे येतेस आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"अहो, मी तिथे लाद्या तपासायला येत नाही!"

त्या संध्याकाळी त्याने मुकाट्याने पावडर घेतली, पाण्याचे चार पेले प्यायला, कुबड्यांवर घरभर फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यशाची बातमी त्याने आतूनच ओरडून दिली. भिंती पातळ होत्या. खालच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या.

तीन आठवडे झाले. गुडघा आता शहाण्यासारखा वागत होता. व्यायाम घेणारी मुलगी यायची, पाय वाकवायला लावायची, कोन मोजून शाबासकी द्यायची. दुखणं उरलं होतं ते कुरकुरण्याइतकं. गोळ्या मात्र कमी झाल्या नाहीत. आधी तो दुखलं की घ्यायचा. मग दुखेल म्हणून घ्यायला लागला. मग व्यायाम होणार म्हणून, मग व्यायाम झाला म्हणून, आणि एकदा तर केवळ मंगळवार होता म्हणून. शिवाय एका गोळीत आता पहिल्यासारखी गंमत येईना. छत पुन्हा नुसतं छत दिसू लागलं होतं. म्हणून बायको कामावर गेली की एकाच्या दोन. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली त्याने बायकोकडून केव्हाच मागून घेतली होती, "मी काय लहान आहे?" असं म्हणत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर किती गोळ्या घेतल्या त्याच्या खुणा करायचं काम त्याचंच होतं. तीन खुणा करायच्या आणि आठ गिळायच्या, हे कधी सुरू झालं ते त्याचं त्यालाही आठवेना. डॉक्टरांकडे गेला की "फार ठणकतो हो रात्रीचा," म्हणून पुढची चिठ्ठी लिहून आणायचा. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या वाकड्या भिंतीला सरळ म्हटलं नाही, तो आता सफाईने खोटं बोलत होता. आणि मजा म्हणजे तेही त्याला छानच वाटत होतं.

मग तो रविवार आला. रविवारी तलावावर गर्दी, त्यामुळे बायको सकाळपासून खिडकीवर. दुपारी मॅच बघायला मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, घरं रंगवणारा, गोलमटोल, पंच्याण्णव किलोचा, कायम हसतमुख. त्या दिवशी मात्र कंबर धरून, वाकडातिकडा होत आला. शिडीवरून उतरताना पाठीत उसण भरली होती. येतानाच त्याने दोन बिअर रिचवल्या होत्या. तिसरी पिशवीत होती.

"भावोजी, मेलो," तो सोफ्यावर आदळत म्हणाला. "बसवत नाही, उठवत नाही."

ओळंब्याला त्याची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. सकाळच्या दोन गोळ्या त्याच्या अंगात होत्या, त्यामुळे त्याला कुणाचीही दया यायची. तो कुबडी टेकत गेला आणि पाकीट घेऊन आला.

"घे. याने हत्तीची कंबरसुद्धा सरळ होईल."

"एक घेऊ?"

"एकाने काय होतंय? मला तर काहीच होत नाही. दोन घे."

मेहुण्याने बिअरच्या घोटाबरोबर दोन गोळ्या गिळल्या. पहिला अर्धा तास दोघांनी पंचाला यथेच्छ शिव्या दिल्या. मग मेहुण्याचं बोलणं जड झालं, हनुवटी छातीवर आली आणि तो घोरायला लागला. असं घोरणं ओळंब्याने कधी ऐकलं नव्हतं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्याला हसू आवरेना. त्याने बायकोला फोन लावला आणि मोबाइल मेहुण्याच्या तोंडाशी धरला.

"ऐक, ऐक! तुझा भाऊ ट्रॅक्टर चालवतोय."

पलीकडे बायकोही खिदळली. "दोन तिकिटं ना? घ्या," तिने कुणाला तरी सांगितलं. "अहो, कुशीवर वळवा त्याला, नाहीतर शेजारी भांडायला येतील."

तेवढ्यात घोरणं थांबलं. ओळंबा हसत वाट बघत राहिला. मग एक खोल, घशातून ओढलेला घोर. मग पुन्हा काही नाही.

लादी बसवून झाली की मिस्त्री तिच्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतो. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज भरीव येतो. पोकळी राहिली असेल तर तो आवाज वेगळाच असतो, आणि ज्याने चौतीस वर्षं तो ऐकलाय त्याला तो झोपेतही कळतो. ओळंब्याला तो आवाज आला. गोळी अंगात होती, तरी कळला. त्याने मेहुण्याच्या गालावर चापट मारली. मान लुळी पडली. ओठ जांभळट दिसत होते.

"अगं," तो फोनमध्ये म्हणाला, "हा उठत नाहीये."

"म्हणजे?" आणि मग, एकदम दुसऱ्याच आवाजात, "अहो, त्याने काय घेतलंय?"

ओळंब्याने गोळ्यांच्या पाकिटाकडे बघितलं.

"तुमच्या गोळ्या दिल्यात?"

"दोन," तो म्हणाला. "आणि तो बिअर पिऊन आलाय."

पुढे जे झालं ते तलावावरच्या शंभर-दीडशे लोकांनी कानांनी पाहिलं. बायकोने एक कान नवऱ्याच्या फोनला लावला, दुसरा तलावाच्या फोनला, आणि त्यावर रुग्णवाहिकावाल्यांना बोलावलं. तिकडून ते जे सांगत होते ते ती इकडे नवऱ्याला ओरडून सांगत होती.

"छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळा! हाका मारा! चोळलं?"

"चोळलं! डोळा किलकिला केला!"

"श्वास मोजा! मोठ्याने!"

"एक!" मग बराच वेळ काही नाही. "दोन!"

"खाली जमिनीवर घ्या! कुशीवर! तोंड जरा खाली! उलटी झाली तर घशात जायला नको!"

रांगेतल्या ओल्या डोक्यांची पोरंसोरं, टॉवेल गुंडाळलेली माणसं, सगळी चिडीचूप. पंच्याण्णव किलोचा मेहुणा सोफ्यावर, आणि समोर तीन आठवड्यांपूर्वी गुडघा बदललेला माणूस. पण संगमरवराचे याहून जड तुकडे त्याने एकट्याने उतरवले होते. त्याने मेहुण्याच्या अंगाखालच्या चादरीची टोकं दोन्ही हातांत धरली, आणि लादी सरकवावी तसा त्याला अलगद खाली आणला. नवा पाय लांब सोडून तो स्वतः त्याच्या पाठीशी टेकून बसला. दर काही सेकंदांनी हाडावर मूठ घासत होता, श्वास मोजत होता, आणि हमसून हमसून रडत होता. श्वास थांबलाच तर तोंडाने हवा कशी द्यायची तेही बायको ओरडून सांगत होती. ती वेळ आली नाही.

आठ मिनिटांत रुग्णवाहिका आली. आत आलेल्या बाईने मेहुण्याच्या डोळ्याची बाहुली टॉर्चने बघितली, टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. एका छोट्या पिचकारीने तिने त्याच्या नाकात औषध मारलं आणि तोंडावर प्राणवायू लावला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला मेहुण्याने असा श्वास घेतला जणू तलावाच्या तळाशी बसून वर आलाय. डोळे उघडले. सगळ्यांकडे रागाने बघत तो म्हणाला, "मॅच कोणी बंद केली?"

आणि त्याने त्या बाईच्या बुटांवर उलटी केली.

ओळंबा खदाखदा हसायला लागला. रडता रडता, जमिनीवर बसल्या बसल्या, त्याला थांबताच येईना. त्याच क्षणी दार ढकलून बायको आत आली. तिच्यामागे तलावावरचा जीवरक्षक, लाल चड्डीत, खांद्यावर टॉवेल, पाण्याने निथळता, कारण गाडी त्याचीच जवळ उभी होती.

"उठला म्हणजे झालं असं नाही," रुग्णवाहिकेतली बाई बूट पुसत म्हणाली. "हा उतारा थोडाच वेळ टिकतो. गोळ्या त्याच्या अंगात अजून आहेत, परत झोपेल. चला, हॉस्पिटलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा हॉस्पिटलच्या खाटेवर बसून बिस्किटं मागत होता. बाहेर बाकावर बायकोने नवऱ्याला एकच शब्द विचारला. "किती?"

"त्याला दोन."

"तुम्ही किती? रोज."

"आठ," ओळंबा म्हणाला. हे म्हणताच त्याला, गोळीशिवाय, अंग हलकं झाल्यासारखं वाटलं.

ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला. दोघं तसेच उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. आपल्याला झापतील म्हणून ओळंबा मान खाली घालून बसला होता. डॉक्टरांनी झापलं नाही.

"सवय लागलीय शरीराला," ते म्हणाले. "तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे, ही गोळी तशीच आहे म्हणून. तुम्हाला आठ गोळ्या पचतात, कारण अंग हळूहळू सरावलं. त्याचं नव्हतं सरावलं, आणि वर बिअर. तुमच्याही अंगाने केव्हातरी हार मानलीच असती. आता एकदम बंद करायच्या नाहीत, नाहीतर अंग बंड करेल. पायरी पायरीने उतरायचं. आणि हा नाकातला फवारा घरात ठेवायचा, वहिनींना वापरायला शिकवतो."

मग उतरणं सुरू झालं. गोळ्या बायकोच्या ताब्यात गेल्या. तिकीट खिडकीच्या लोखंडी पेटीला कुलूप, त्यातून ती रोज त्या दिवसाच्या तेवढ्याच घरी आणायची. पहिल्या पायरीला ओळंब्याला जांभया सुटल्या. एका सकाळी जाड्या मिस्त्रीने घड्याळ लावून मोजल्या: तासात सत्तेचाळीस. दुसऱ्या पायरीला नाक गळायला लागलं, अंगावर काटा येऊ लागला, घाम सुटू लागला. तिसऱ्या पायरीला त्याचं तोंड सुटलं. पलंग वाकडा, सूर्य चुकीच्या बाजूने येतो, व्यायाम घेणाऱ्या मुलीची चप्पल बिनडोक. ती मुलगी हसून म्हणाली, "काका, चप्पल माझी नाही, तुमचीच आहे. पाय वाकवा." एका दुपारी त्याने बायकोजवळ कबूल केलं की भीती दुखण्याची नाहीच. भीती अशी, की गोळी गेली की हसणंही जाईल. पुन्हा तो फोटोतला माणूस होऊन बसेल.

"हसला नाहीत तरी चालेल," बायको म्हणाली. "खरं बोला म्हणजे झालं."

"मग सांगू?"

"सांगा."

"तुझा आवाज फार मोठा आहे."

ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. तिचं बघून तोही हसला. दोघांच्याही लक्षात आलं की त्या दिवशीची गोळी अजून तिच्या पर्समध्येच आहे.

साडेपाच आठवड्यांनी शेवटची पायरी उतरून झाली. अकरा गोळ्या उरल्या. बायकोने त्या त्याच्याच हातात दिल्या आणि औषधाच्या दुकानात त्यालाच पाठवलं. दुकानातल्या बाईने त्या परत घेण्याच्या डब्यात टाकल्या आणि विचारलं, "दुखतं का आता?"

"थोडं. जिना उतरताना."

"मग?"

"मग बर्फ लावतो आणि जिन्याला शिव्या देतो."

मेहुणा बरा झाल्यावर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने आपली हकिकत इतक्या रंगात आणि इतक्या ठिकाणी सांगितली की ती डॉक्टरांच्या कानावर परत गेली. दर गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात, ऑपरेशन व्हायचंय अशा लोकांना एकत्र बसवून माहिती देत. डॉक्टरांनी तिथे ओळंबा आणि मेहुणा दोघांना बोलावलं. ओळंबा आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभा राहिला नव्हता. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक जण घाबरून बसले होते. तो उभा राहिला, फरशीकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य निघालं, "ही फरशी कोणी बसवली?" खोलीत हशा फुटला. मग त्याला मागे वळून बघावं लागलं नाही. पावडरीपासून सुरुवात केली, जांभयांवर आला, आठ गोळ्यांचं सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. मधेच मेहुण्याने उठून स्वतःच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली, आणि ते थांबलं होतं तिथे तोही थांबला. लोकांचं हसू तिथेच विरलं. मग ओळंब्याने सांगितलं, "गोळी वाईट नाही. पहिल्या आठवड्यात तिनेच मला तारलं. पण ती तुमची, तुमच्यापुरती, सांगितली तेवढीच. मी मेहुण्यावर माया केली आणि तो जवळजवळ गेला."

मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "पण भाऊ, दुखेल का हो?"

"दुखेल," ओळंबा म्हणाला. "मग कमी दुखेल. मग तुम्हाला कळणारही नाही की थांबलंय."

कार्यक्रम संपवून दोघं बाहेर पडले तर बस निघत होती. "भावोजी, पळा!" मेहुणा ओरडला. ओळंबा दहा वर्षांत पळाला नव्हता. पळायला त्याला कुणी सांगितलंही नव्हतं, डॉक्टरांनी तर मुळीच नाही. पण पाय आधीच निघाले होते. लांबच लांब, वेडेवाकडे, करकोच्यासारखे. मेहुणा कंबर धरून मागे, "थांबवा, थांबवा!" असं किंचाळत. कंडक्टरने हात दिला, दोघं आत पडले, धापा टाकत एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि पोट धरून हसत सुटले.

तिसऱ्या स्टॉपवर त्यांना कळलं की बस उलट्या दिशेला चाललीय.